रायपूरला बिअरचा उत्सव हवा का?

पुण्या-मुंबईत, बंगळुरूत आणि गुरुग्राममध्ये गेल्या पंधरा वर्षांत एक नवा सण रुळला आहे. सप्टेंबर सरत आला की क्राफ्ट बिअर बनवणाऱ्या जागांमध्ये निळ्या-पांढऱ्या बव्हेरियन पताका लागतात, ताटात ब्रेत्सेल आणि ब्राटवुर्स्ट येतात, आणि चार-दोन संध्याकाळी गाण्याबजावण्यात जातात. महानगरांत जे रुळते ते काही वर्षांत रायपूर, नागपूर, इंदूरसारख्या शहरांत पोचते. मॉल आले, कॉफीची दुकाने आली. असा उत्सवही येईल. तो दारात उभा राहिल्यावर घाईघाईने बाजू घेण्यापेक्षा आधीच शांतपणे विचार केलेला बरा.

प्रश्न नेमका मांडू. हजारोंच्या गर्दीचा, मोठ्या मंचाचा आणि मद्य कंपन्यांच्या जाहिरातींचा जलसा येथे अभिप्रेत नाही. शे-दोनशे माणसांचा, ओळखीपाळखीच्या लोकांनी मिळून भरवलेला, छोट्या प्रमाणात बनवलेल्या ताज्या बिअरचा आणि जर्मन खाद्यपरंपरेचा एक-दोन दिवसांचा उत्सव, एवढाच विषय आहे. असा उत्सव रायपुरात भरावा का? ‘ही आपली संस्कृती नाही’ आणि ‘प्रौढ माणसांच्या पेल्यात डोकावणारे तुम्ही कोण’ ही दोन्ही उत्तरे तयारच असतात. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण छत्तीसगडसारख्या राज्यात दोन्ही अपुरी पडतात.

आधी अनुकूल बाजू पाहू. जर्मन बिअर उत्सव म्हटले की म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट आठवतो. १८१० साली बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या तेरेसा यांच्या विवाहानिमित्त जी घोड्यांची शर्यत झाली, तिच्यातून तो वाढला. आज तेथे साठ लाखांच्या आसपास लोक येतात आणि एक लिटरचे पेले रिचवले जातात. पण या अवाढव्य जत्रेवरून जर्मन परंपरेची पारख करू नये. तिची खरी वस्ती लहान गावांत आहे. तेथे गावाचा उत्सव भरवतात ती स्वयंसेवी अग्निशमन दले, वाद्यवृंद आणि क्रीडामंडळे. मांडव तेच घालतात, भट्टीवर तेच उभे राहतात, आणि उरलेल्या पैशांतून बंबाची नवी नळी किंवा वाद्यवृंदाची तुतारी येते. वर्गणीवर गणेशोत्सव चालवणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था दशकानुदशके अशाच कष्टांवर उभ्या राहिल्या आहेत.

या परंपरेतील एक प्रथा आपल्या विषयाला फारच जवळची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकचे बिअर बनवणारे नदीकाठच्या तळघरांत बिअर थंड ठेवत आणि वर चेस्टनटच्या झाडांखाली ती विकू लागले. शहरातील खाणावळवाल्यांचा धंदा बसला. तेव्हा राजा माक्सिमिलियन पहिला याने १८१२ साली तोडगा काढला: तळघरवाल्यांनी बिअर विकावी, पण पावाखेरीज अन्न विकू नये. लोक घरून डबा आणू लागले. बव्हेरियातील पारंपरिक बिअर बागांत आजही आपले जेवण आपण नेता येते. आजी, नातवंडे, शेजारी एका लांब बाकावर बसतात, मधे चादर अंथरून मुळा, चीज, पाव मांडला जातो आणि संध्याकाळ गप्पांत जाते. पेला त्या जेवणाच्या सोबतीला असतो.

ही बैठक आणि रायपुरातील मद्यपानाची रीत यांची तुलना करून पाहावी. २०१७ पासून छत्तीसगडमध्ये दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळामार्फत होते. खाजगी ठेकेदारांची मक्तेदारी मोडणे हा त्यामागचा सांगितलेला हेतू होता. पुढे याच विक्रीव्यवस्थेतील कथित घोटाळ्याचा तपास अंमलबजावणी संचालनालयापर्यंत गेला. पण सामान्य पिणाऱ्याच्या दृष्टीने फरक एवढाच झाला की गजाआडचा माणूस सरकारी झाला. रांग, गजांतून हात, पव्वा, आणि मग रस्त्याच्या कडेला किंवा मैदानाच्या कोपऱ्यात उपाशीपोटी चार घोटांत संपवलेली बाटली. त्यात अन्न नाही, निवांत बैठक नाही, चार लोकांची नजर नाही. भरल्या पोटी अल्कोहोल रक्तात सावकाश भिनते, हे शरीरशास्त्र आहे; घरच्यांसमोर माणूस सावरून पितो, हा अनुभव आहे. उघड्यावर, जेवणासोबत, मोजून पिण्याची दुसरी रीत शहराला दिसली तर त्यात काही हित आहे, हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही.

कारागिरीचाही मुद्दा आहे. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली आणि महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीचे युग आले. तिचे बिअर बनवणारे ऑलिव्हर शाउफ हे जर्मन होते. गाळून, पाश्चराइज करून, बाटलीत भरून महिनोन्‌महिने टिकवलेल्या बिअरची सवय असलेल्या ग्राहकापुढे त्यांनी ताजी, किंचित गढूळ गव्हाची बिअर ठेवली. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो तो काही घातल्यामुळे नाही, यीस्टच्या खास जातीमुळे येतो. बव्हेरियात १५१६ च्या प्रसिद्ध फर्मानाने बिअरमध्ये जव, पाणी आणि हॉप्स एवढ्यालाच मुभा दिली होती, आणि अशा मर्यादांतही तिथल्या कारागिरांनी अनेक चवी घडवल्या. पुण्यातल्या पुढच्या पिढीने तर कोकमालाही बिअरमध्ये जागा दिली. माणूस काय पितो, ते कोणी आणि कसे बनवले, हे कळले की पिण्यात जाणतेपणा येतो. रसायन, पाककला आणि शेती यांचा हा संगम तरुणांना उद्योगाची वाटही दाखवतो.

आणि अन्न. जर्मन जेवण म्हणजे नुसते सॉसेज नव्हे. कडक हिवाळ्यात टिकवण्याच्या गरजेतून ते घडले आहे. बारीक चिरलेला कोबी मिठात दाबून आंबवला की साउअरक्राउट होते. राय या धान्याचा काळा पाव आंबवणावर फुगतो. बटाट्याचे सॅलड, बटाट्याचे गोळे, चीज घातलेले श्पेट्सले हे शेतकऱ्याच्या चुलीवरचे पदार्थ आहेत, आणि त्यांतले बरेच शाकाहारी आहेत. रात्रभर पाण्यात ठेवलेल्या भाताची बोरे बासी खाणाऱ्या, कोहळ्याची रखिया बडी उन्हात वाळवणाऱ्या छत्तीसगडला ही बुद्धी परकी वाटणार नाही. महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात २०१६ पासून महिला बचत गट चालवत असलेल्या गढ कलेवाने फरा, चिला, ठेठरी, खुरमी यांना शहरात मान मिळवून दिला. दोन मुलुखांच्या स्वयंपाकाची अशी शेजारी-शेजारी मांडणी झाली तर शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आता दुसरी बाजू. ती जड आहे, आणि तिला केवळ सोवळेपणा म्हणणे हा अन्याय ठरेल.

छत्तीसगडमध्ये दारूचा विरोध वरून लादला गेलेला नाही, तो तळातून आला आहे. अठराव्या शतकात गिरौदपुरीला जन्मलेल्या गुरू घासीदासांनी सतनाम पंथ उभा केला तेव्हा मूर्तिपूजा आणि जातिभेद नाकारण्याबरोबरच मद्य-मांस सोडण्याचा उपदेश केला. ज्यांना समाजाने खाली ढकलले होते त्यांच्यासाठी दारू सोडणे हा स्वाभिमानाचा भाग होता. १९७७ नंतर दल्ली राजहराच्या लोहखाणीत शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली मजुरांची संघटना उभी राहिली, झगडून मजुरी वाढली, आणि वाढलेले पैसे दारूच्या दुकानात जाताना दिसले. तेव्हा संघटनेने दारूबंदीची मोहीम हाती घेतली आणि हजारो खाणकामगारांनी दारू सोडली. बालोद जिल्ह्यातील गुंडरदेहीच्या शमशाद बेगम यांनी गावोगावी महिला कमांडो उभ्या केल्या. काठी आणि शिटी घेऊन बाया रात्री गस्त घालतात. राजनांदगावच्या फूलबासन यादव यांनी बचत गटांच्या हजारो बायांना दारूविरोधी लढ्यात उतरवले. या दोघींनाही २०१२ साली पद्मश्री मिळाली. नवऱ्याच्या पिण्याची किंमत मार, उपास आणि कर्ज या रूपांत मोजलेल्या बायांचा हा लढा आहे. शहरातल्या पताकांखाली बसून त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

आकडे त्यांच्या बाजूने बोलतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात छत्तीसगडमधील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे ३५ टक्के मद्यपान करणारे आढळले. देशाचे प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास होते. २०१८ च्या निवडणुकीत काँग्रेसने राज्याला संपूर्ण दारूबंदीचे वचन दिले, ते लोकांना हवे होते म्हणूनच. पाच वर्षे सत्ता असूनही ते पुरे झाले नाही. ज्या राज्यात दारू सोडवण्याचे वचन मोडले गेले, तेथे पिण्याचा आणखी एक सोहळा जाहीरपणे साजरा होताना पाहून एखाद्या बाईला संताप आला, तर तो समजून घेतला पाहिजे.

जर्मन ‘सुसंस्कृत पिण्या’चा दाखलाही जपून द्यावा. त्या देशात दरडोई शुद्ध अल्कोहोलचे प्रमाण वर्षाला दहा लिटरच्या आसपास आहे आणि मद्यामुळे दरवर्षी हजारो माणसे दगावतात. लांब बाक आणि बँड यांनी यकृत वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. बिअर सौम्य असते या समजुतीचाही हिशेब करून पाहावा. ऑक्टोबरफेस्टच्या सहा टक्क्यांच्या बिअरचा एक लिटरचा पेला म्हणजे ६० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, म्हणजे व्हिस्कीच्या दोन मोठ्या पेगांहून अधिक. जर्मनीत खुद्द बिअरचा खप कित्येक वर्षे उतरत आहे आणि अल्कोहोलविरहित बिअर वाढत आहे. ज्यांची परंपरा आपण उसनी घेणार, ते स्वतः कोणत्या दिशेने निघाले आहेत हेही पाहायला हवे.

रायपुरात जर्मन वस्ती नाही, मग हा थाट कशासाठी, असेही विचारले जाईल. राउरकेल्याचा पोलाद कारखाना पश्चिम जर्मनीच्या सहकार्याने उभा राहिला, तो शेजारच्या राज्यात. भिलाईचा कारखाना सोव्हिएत सहकार्याचा. जुना दुवा शोधायचा तर १८६८ साली तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यात बिश्रामपूरला मिशन वसवणारे ऑस्कर लोर हे जर्मन पाद्री आठवतात, आणि त्यांचे काम प्रामुख्याने दारू न पिणाऱ्या सतनामी समाजात होते. म्हणजे येथे जर्मन उत्सवाला स्थानिक मूळ नाही. माझ्या मते हा आक्षेप सर्वांत दुबळा आहे. दुसऱ्या देशाचे अन्न आणि रीत समजून घ्यायला त्या देशाची वस्ती लागत नाही. उसने घ्यायला हरकत नाही. काय उसने घेतो आणि आपले काय झाकून ठेवतो, हे मात्र तपासले पाहिजे.

येथे या प्रश्नाची सर्वांत महत्त्वाची गाठ आहे. छत्तीसगडला बिअर नवी नाही. बस्तरमध्ये लांदा बनते ती तांदळाच्या पिठापासून. पीठ वाफवतात, मोड आणून वाळवलेल्या मक्याचे पीठ त्यात मिसळतात आणि काही दिवस आंबवतात. मोडांतील विकरे पिष्टाची साखर करतात आणि यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते. मोड आणलेल्या जवापासून बव्हेरियात जे होते, तत्त्वतः तेच. उत्तरेला सरगुजा-जशपूरकडे हंडिया आहे, ती भाताची, रानातल्या मुळ्यांच्या गोळीने आंबवलेली. सल्फीच्या झाडाचा ताजा रस तर ‘बस्तर बिअर’ याच नावाने सांगितला जातो. या पेयांना जन्म, लग्न, पूजा, पंचायत यांत जागा आहे. बनवतात बहुधा बायाच, आणि आठवडी बाजारात पानाच्या द्रोणातून विकतातही त्याच.

आदिवासी कुटुंबांना घरगुती वापरापुरती दारू बनवण्याची कायद्यात सवलत आहे. विक्री मात्र आबकारी खात्याच्या मर्जीवर चालते, आणि छापा पडतो तो मडक्यावर. शहरात परदेशी नावाची, चकचकीत तांब्याच्या टाकीतली बिअर ‘क्राफ्ट’ म्हणून मिरवणार आणि द्रोणातली लांदा ‘अवैध’ म्हणून ओतून टाकली जाणार, असे दोन न्याय एकाच राज्यात चालू देणे मला मान्य नाही. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले आणि २०१६ मध्ये वारसा पेयाचा दर्जा दिला. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून बाजारात आणायचे ठरवले. यांतून आदिवासी बायांच्या हाती किती पैसा राहतो, हा स्वतंत्र प्रश्न आहे. पण निदान आपल्या कारागिरीकडे पाहण्याची नजर बदलली.

मग सगळेच बंद करावे का? या बाबतीत सीमेपलीकडचे दोन जिल्हे पाहण्यासारखे आहेत. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून १९९३ साली दारूबंदी झाली आणि ती टिकून आहे, कारण तिच्यामागे गावे आणि संघटना उभ्या राहिल्या. चंद्रपुरात महिलांच्या मोठ्या लढ्यानंतर २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. अवैध दारू वाढली, असे कारण दिले. बंदी कागदावरून टिकत नाही, तिला स्थानिक संमती लागते. परवानगीलाही तोच नियम लावला पाहिजे. महाराष्ट्रात गावातल्या किंवा प्रभागातल्या अर्ध्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडवी बाटली’वर शिक्का मारला की दुकान बंद होते. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला. रायपूर शहर त्या कायद्याखाली येत नाही, पण ज्यांच्या दाराशी दारू येते त्यांचा शब्द आधी ऐकावा, हे त्याचे तत्त्व शहरालाही लागू व्हायला हरकत नाही.

सगळे तोलून माझे मत असे: असा छोटा उत्सव रायपुरात भरू द्यावा, पण तो छोटा राहील, जेवणाचा राहील आणि शेजाऱ्यांच्या संमतीचा राहील, या अटींवर. यातली एक अट जरी गळाली तरी परवानगी नसावी.

छोटेपणाची सुरुवात पेल्यापासून व्हावी. जर्मनीतच कोलोन शहरात क्योल्श बिअर २०० मिलिलिटरच्या सडपातळ पेल्यात देतात. त्यात शुद्ध अल्कोहोल दहा मिलिलिटरहून कमी असते. आपल्याला म्युनिकचा लिटर नको, कोलोनचा पेला हवा. तिकिटात ठरावीक पेले असावेत; ‘हवी तेवढी प्या’ ही योजना कोणत्याही नावाने नको. अल्कोहोलविरहित बिअर, सरबत आणि पाणी तितक्याच मानाने आणि कमी दरात मिळावे. वयाची तपासणी दारावर काटेकोर व्हावी.

अन्नाला खरोखर मुख्य जागा द्यायची, तर बिअर न घेणाऱ्यालाही यावेसे वाटेल असा बेत हवा. शाकाहारी आणि मांसाहारी चुली वेगळ्या, पदार्थांची नावे आणि घटक मराठी, हिंदी, छत्तीसगढीत स्वच्छ लिहिलेले. जर्मन पदार्थांशेजारी छत्तीसगढी पदार्थ बचत गटांनी मांडावेत आणि त्यांचा पूर्ण मोबदला त्यांना मिळावा. लांदा आणि हंडिया कशा बनतात हे सांगायला, ती बनवणाऱ्या बायांना जाणकार म्हणून मानधन देऊन बोलवावे. त्यांची कला सजावटीसाठी वापरायची आणि त्यांच्या बाजारावर छापे चालू ठेवायचे, हे होता कामा नये. आबकारी खात्याने शहरातल्या उत्सवाला परवाना द्यायचा तर आठवडी बाजारातल्या अल्प विक्रीसाठीही सोपा, स्वस्त आणि सन्मानाचा मार्ग काढावा.

जागा निवडताना घरी परतण्याचा विचार आधी करावा. म्युनिकच्या मैदानापर्यंत भुयारी रेल्वे जाते. नवा रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांच्या टोकाला उत्सव ठेवला तर प्रत्येक जण गाडी घेऊन येईल आणि तशीच घेऊन जाईल. रक्तात शंभर मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमची कायदेशीर मर्यादा दोन-तीन छोट्या पेल्यांतही ओलांडली जाऊ शकते. म्हणून जागा शहरात हवी, परतीच्या वाहनाचा खर्च तिकिटातच धरलेला हवा आणि कार्यक्रम रात्री लवकर आटोपलेला हवा.

पैशाचा हिशेबही उघड असावा. मद्य कंपन्यांचे प्रायोजकत्व नको, त्यांच्या नावाचा सोडा किंवा संगीत म्हणून आडवाटेने येणारी जाहिरातही नको. उरलेली रक्कम जर्मन गावांप्रमाणे एखाद्या सार्वजनिक कामाला जावी, आणि रायपुरात त्यासाठी व्यसनमुक्ती केंद्र किंवा दारूपीडित कुटुंबांना आधार देणारी संस्था याहून योग्य काम दिसत नाही. आणि जागा नक्की करण्याआधी त्या मोहल्ल्यातल्या बायांची बैठक घ्यावी. त्यांनी नको म्हटले तर दुसरी जागा शोधावी. सगळीकडून नको आले तर त्या वर्षी उत्सव जेवणाचाच करावा.

एवढ्या अटी घातल्या तर उत्सव कोण भरवणार, असे आयोजक विचारतील. ज्याला बिअर खपवायची आहे तो भरवणार नाही, हे खरे. पण ज्यांना माणसे एकत्र बसवायची आहेत, कारागिरी दाखवायची आहे आणि दूरच्या स्वयंपाकघराशी ओळख करून घ्यायची आहे, त्यांना यातली एकही अट जाचक वाटू नये. जर्मन गावांतील स्वयंसेवक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत: गावाला झेपेल एवढा उत्सव, गावाच्या पैशाने, गावाच्या कामासाठी. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट ही आहे. ती पेलण्याची तयारी असलेले लोक रायपुरात पुढे आले, तर शहराने त्यांना एकदा संधी द्यावी, वर्षाअखेर हिशेब आणि परिणाम दोन्ही चव्हाट्यावर तपासावेत, आणि पुढच्या वर्षीचा निर्णय त्या तपासणीवर घ्यावा.